जमादार काकांचा डबा

जमादार काका सिनेमा बघताना हसत नसत, चुका काढत. "पळताना टोपी अशी डोक्यावर ऱ्हाते व्हय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काका निवृत्त हवालदार. बीडला कॉलेजात असताना मी त्यांच्या घरी भाड्याच्या खोलीत राहायचे. काका गेले त्याला आता वर्ष होत आलं.

एकदा आमच्या बाईंनी एका सिनेमाच्या जमेच्या आणि कमकुवत बाजू लिहून आणायला सांगितल्या. मी दोन पोलिसांचा विनोदी सिनेमा निवडला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, त्यामुळे असलं काही कुणाला विचारायची सवय नव्हती. काकांना विचारायला मला दोन दिवस लागले.

दुपारी ओट्यावर, तांब्याला मोबाईल टेकवून आम्ही सिनेमा लावला.

"लिहून घे," काका म्हणाले. "दोघं एकमेकाला शिव्या देत्यात, पन डबा एकच खात्यात. हे खरं हाय. मी अन् माझ्या जोडीदारानं, मुनीरनं, पंधरा वर्षं खाल्ला. माजी भाकरी त्याला, त्याच्या घरची खिचडी अन् चिंचेचा खट्टा मला."

"आणि खोटं काय?"

"खोटं लई हाय. एकजन बी कागद लिहीत न्हाई. चोर धरायला अर्धा तास लागतो पोरी, पंचनाम्याला अख्खा दिवस."

पुढे एक पोलीस ड्यूटी सोडून जातो. साहेब हजेरी घेतात, तेव्हा दुसरा आवाज बदलून दोघांचीही हजेरी देतो. मी पोट धरून हसले. काकांनी मोबाईल पालथा घातला.

"जत्रेच्या बंदोबस्ताला मुनीर असाच गेलता," ते म्हणाले. "पोरगी दवाखान्यात होती. मला म्हनला, संभाळून घे. साहेबानं इचारलं अन् मी खरं सांगून बसलो. सस्पेंड झाला. पुन्हा कामावर आला, पन तवापासून माझ्याशी बोलला न्हाई."

मी वहीकडे बघत विचारलं, "मग हा प्रसंग कोणत्या बाजूला लिहू?" विचारल्यावर माझी मलाच लाज वाटली.

काकांनी मात्र नीट विचार केला. "जमेच्या बाजूला लिही. आवाज बदलून साहेब फसत नसतो, ते खोटं हाय. पन पोरगं जोडीदारासाठी हुबं ऱ्हायलं."

मी तसंच लिहिलं. रविवारी काकांनी काकूंकडून भाकरी बांधून घेतली आणि एसटीने दिंद्रुडला, मुनीरभाईंच्या गावी गेले. दिवसभर काकू चार वेळा दारात येऊन गेल्या. मीही पुस्तक नुसतंच उघडं धरून बसले होते.

संध्याकाळी काका आले. डबा घासायला घेतला तर जड लागला. झाकण उघडलं, आत खिचडी होती आणि वाटीत खट्टा.

"बोलले का ते?" मी विचारलं.

"बोलला की," काका पायातले बूट काढत म्हणाले. "दारातच शिव्या दिल्या."