हमालाच्या पोरीची चाचणी

मुरबाडच्या भातगिरणीत माझे बाबा हमाल. पोरांना मात्र ओझ्याला हात लावू देणार नाही, असं गावभर सांगत फिरायचे. म्हणून बी.ए. झाल्यावर कोर्टातल्या ‘शिपाई/हमाल’ पदाचा अर्ज मी घरी न सांगताच भरला. लेखी परीक्षा पास झाले आणि पंचाईत झाली. पुढच्या चाचणीत फायलींचे गठ्ठे जिन्याने माडीवर न्यायचे होते, आणि ओझं कसं घेतात हे शिकवणारा माणूस घरात एकच.

शेवटी सांगितलं. बाबा दोन दिवस अर्ज मागे घे म्हणत राहिले. मीही त्यांचीच पोर, हटले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणात अर्धी गोणी तांदूळ आणून ठेवला.

“पाठ फिरव. गुडघं वाकव,” ते म्हणाले. “आनि घाई करू नको. हमाल आपल्या हातानं गोनी घेत नाय, दुसऱ्यानं पाठीवर द्यायाची. तवर गप उभं ऱ्हायाचं.”

मग त्यांनीच ती माझ्या पाठीवर दिली. मी अंगणाला दहा फेऱ्या मारल्या.

चाचणीच्या दिवशी माझा नंबर आला. मी गठ्ठ्याकडे पाठ फिरवली, गुडघे वाकवले आणि उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले. आधीचे उमेदवार आपापले गठ्ठे उचलून पळाले होते, पण भीतीपोटी माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

“काय झालं? बरं वाटत नाही का?” टेबलामागून एका साहेबांनी विचारलं.

“तसं नाय साहेब. हात द्या ना जरा.”

सगळे हसले. नोकरी हातची गेली म्हणून मी स्वतःला मनात शिव्या घालत होते. तेवढ्यात ते साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी गठ्ठा नीट माझ्या पाठीवर ठेवला. मी एका दमात जिना चढले.

महिन्याभराने निवड यादीत माझं नाव आलं. तेव्हा कुठे ही सगळी गंमत मी बाबांना सांगितली.

“सायेब उठला? सोता?” त्यांनी तीनदा विचारलं. “तीस वर्सं गोन्या वायल्या गो. मला कंदी कोनी सायेब हात द्यायाला उठला नाय.”

आणि ते सदरा चढवून गिरणीकडे निघाले. तिथे भेटेल त्याला साहेबांची गोष्ट सांगितली. पोरीला नोकरी लागली, हे सांगायचं राहूनच गेलं.