फॉलोअपची दुपार
सॅनिटायझरचा वास आला की मला खराडीतल्या त्या दवाखान्यातली दुपार आठवते. मी घरातल्या गोळ्या मुद्दाम घेतल्या होत्या, त्यातून वाचले होते, आणि हॉस्पिटलमधून घरी सोडल्यानंतर मानसोपचाराच्या पहिल्या भेटीला नवरा मला घेऊन आला होता. एसी इतका गार होता की मी ओढणी अंगाभोवती घट्ट गुंडाळून बसले होते. “पुन्हा तसे विचार येतात का?” डॉक्टरबाईंनी मला विचारलं. “छे हो, आता एकदम ओके आहे ती,” नवरा म्हणाला. झोप लागते का, जेवण जातं का, सगळ्याची उत्तरं त्यानंच दिली. शेवटी बाई त्याला म्हणाल्या, “गोळ्या तुम्ही घेतल्या होत्या का? नाही ना? मग जरा बाहेर बसा.” तो गेल्यावर मी पहिल्यांदा खरं बोलले, “हो, रोज येतात.” बाईंनी घाई न करता सगळं ऐकून घेतलं, मग त्याला आत बोलावून घरातली औषधं कुलपात ठेवायला आणि मला दर आठवड्याला आणायला सांगितलं. गाडीत बसताच त्यानं विचारलं, “माझ्याबद्दल काय सांगितलंस?” आता मी तपासणीला एकटीच जाते आणि बरी आहे. तुला कसं वाटतंय, हे मात्र त्यानं अजून विचारलेलं नाही.