बारा धपाटे आणि एक चिठ्ठी

अहमदपूरच्या स्टँडवर एसटी थांबली आणि बायकोनं सासूबाईंसाठी दिलेल्या डब्यातले दोन धपाटे मी खाल्ले. ही त्या दिवसाची दुसरी चूक. पहिली मी नांदेडहून निघायच्या आधीच करून ठेवली होती.

मी एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळतो. आमच्या लॅबचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे फायलींत भरलेला अख्खा कॉम्प्युटर, लातूरच्या कॉलेजात बसवायचं होतं. तिथं दुपारी दोनला मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा. मशीन एक्स्पोर्ट केलं, म्हणजे न्यायला बांधलं, की तीन फायली मिळतात: एक अवाढव्य डिस्कची, एक मशीनच्या माहितीची आणि एक बारकी, जिच्याकडं कुणी बघत नाही. लातूरचा सर्व्हर आमच्यापेक्षा लहान, म्हणून माहितीच्या फायलीत मेमरी सोळा जीबीची आठ केली. नोटपॅडमध्ये एक आकडा. स्वतःवर लई खूश झालो.

लातूरला आधी सासुरवाडीत डबा दिला, मग कॉलेज गाठलं. इम्पोर्टला लावलं तर सर्व्हर म्हणतो, फाइल जुळत नाही. पुन्हा लावलं. केबल बदलली. फायली आणलेली डिस्क फुंकर मारून पुसली. बारा वाजले. तिथल्या लॅबचे सर खिडकीत उभं राहून म्हणाले, "होईल ना सर? पोरं आवारात येऊन बसलीत."

तेवढ्यात नांदेडहून बायकोचा फोन.

"अहो, डब्यातल्या चिठ्ठीत मी बारा धपाटे लिहिले होते. आई म्हणती दहाच हायत. दोन कुठं गेले?"

"अहमदपूरला."

"खायचे तर खायचे. चिठ्ठी तशीच कशाला ठेवली मग? मोजल्यावर कळणार न्हाई का?"

मी फोन ठेवून सर्व्हरकडं वळलो. ती बारकी फाइल! आत काय आहे त्याची चिठ्ठीच ती. दोन्ही फायलींचे ठसे तिच्यात लिहिलेले; फायलीत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. मी आकडा बदलला, ठसा जुनाच राहिला. नवा ठसा काढला, जुना खोडून तिथं लिहिला, पुन्हा इम्पोर्ट लावलं. दीडला मशीन चालू झालं. पोरं दोनला बसली.

संध्याकाळी घरी येऊन मी सगळं कौतुकानं सांगितलं. तिच्या फोनमुळंच परीक्षा पार पडली, असंही म्हणालो. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली,

"मशीनची चिठ्ठी बरी दुरुस्त करता आली. माझ्या चिठ्ठीवर बाराचे दहा करायला खिशातला पेन दिसला न्हाई का?"