कामणच्या वाटेवरची ओटी

त्या वर्षी माझी प्रार्थना बंद पडली होती. मी ती बंद केली असं म्हणता येणार नाही, कारण तेवढा रागही माझ्यात उरला नव्हता. एक दिवस राहून गेली, दुसऱ्या दिवशी आठवण झाली पण ओठ उघडले नाहीत, आणि मग आठवणही येईनाशी झाली. आमच्या वसईच्या वाडीत संध्याकाळी घंटा झाली की हातातलं काम ठेवून सगळं घर मारियामातेसमोर गुडघे टेकतं. मी सुट्टीत घरी आले की मीही टेकायचे. आई सुरुवात करायची, बाबा आणि भाऊ उत्तर द्यायचे, आणि मी नुसतीच जमिनीकडे बघत बसायचे. आईच्या ते लक्षात आलं होतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. मी मुंबईत नर्सिंगची पदवी करत होते. चार वर्षांचा विद्यापीठाचा अभ्यासक्रम, त्यात आजाऱ्यांची शुश्रूषा आणि बाळंतपण दोन्ही एकत्र शिकवत. आमच्याकडच्या मुली तोवर शिक्षिका व्हायच्या, नाहीतर टायपिंग शिकून ऑफिसात जायच्या. नर्स झालेल्याही होत्या, पण त्यासाठी कॉलेजात जाऊन डिग्री घ्यायची हे नातेवाइकांना पटत नव्हतं. "एवढं शिकून शेवटी लोकांची घाणच काढणार ना?" असं माझ्या आत्याने सर्वांसमोर विचारलं होतं. बाबा केळीच्या बागेत राबणारे, कमी बोलणारे. ते म्हणाले, "काढू दे. कोणीतरी काढायलाच हवी."

पहिली तीन वर्षं मी बाबांच्या त्या वाक्यावर काढली. सकाळी वर्ग, दुपारी वॉर्ड, मध्ये अभ्यास, आणि सतत उभं राहून सुजलेले पाय. शेवटच्या वर्षी बाळंतपणाचा विषय आला. प्रत्येक मुलीने ठरलेल्या संख्येइतकी बाळंतपणं स्वतःच्या हाताने करायची आणि त्यांची सगळी नोंद एका वहीत लिहायची, असा नियम होता. माझी पहिली काही नीट पार पडली. मग एका सकाळी माझ्या हातात एक मुलगी आली आणि ती रडलीच नाही. डॉक्टर शेजारी उभे होते, ऑक्सिजन होता, जे करायचं ते सगळं झालं. मुलगी गेली. लेबर रूमच्या सिस्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे पोटातच बिघडलं होतं, यात तुझा काही दोष नाही. मी मान हलवली. हात धुतले. वहीत नोंद लिहिली. त्यानंतर मात्र प्रत्येक बाळंतपणाच्या वेळी माझे हात कापू लागले, आणि काही ना काही कारण काढून मी मागे राहू लागले. माझी वही तिथेच थांबली.

अशात ग्रामीण भागातल्या कामाचे आठवडे आले. मला वसईच्या पूर्वेकडचं, कामणच्या बाजूचं आरोग्य केंद्र मिळालं. घरापासून जवळ म्हणून सगळ्यांना आनंद झाला. मला मात्र एवढंच वाटलं, की बरं झालं, इथून थेट घरी जाता येईल. मी शिक्षण सोडायचं ठरवलं होतं. एका दुपारी आई मोगऱ्याच्या कळ्या खुडत होती, तेव्हा तिला ते सांगितलं. तिने टोपली खाली ठेवली. "सोड," ती म्हणाली, "पण थकून सोडू नको. आधी थोडी विश्रांती घे, मग सोड." मला तिचं बोलणं पटलं नाही. विश्रांती कुठून आणायची, हेच मला माहीत नव्हतं.

भातकापणीचे दिवस होते. केंद्रातल्या नर्सबाई तापाने झोपल्या होत्या. त्यांनी मला एका पाड्यावरच्या गरोदर बाईला बघून यायला सांगितलं. तिचे दिवस भरत आले होते, पण अजून आठवडाभर अवकाश होता. नुसतं तपासायचं, सूज आहे का बघायचं आणि परत यायचं. पिशवी घेऊन मी निघाले. ऊन चढलं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळी माणसं शेतात. चालता चालता मी मनाशी संध्याकाळी माझं काम बघायला केंद्रात येणाऱ्या कॉलेजच्या ट्यूटरबाईंना शिक्षण सोडण्याबद्दल काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते.

त्या घरात शिरले तर बाई जमिनीवर कुशीवर पडून कण्हत होती. कळा सकाळपासून सुरू होत्या. नवरा मिठागरावर, सासू शेतात. हाक मारायला जवळपास कोणी नव्हतं. मी तपासलं. बाळ अगदी जवळ आलं होतं. केंद्रात जाऊन कोणाला आणण्याइतका वेळ नव्हता. चुलीवर पाणी ठेवलं, पिशवी उघडली, कात्री आणि दोरा उकळायला टाकला. हे सगळं हात सवयीने करत होते. पण तिच्याजवळ बसले आणि ते कापायला लागले. मनात कोणाचंही नाव आलं नाही. देवाचंसुद्धा नाही.

तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची असेल, हिरवं लुगडं, हातात पिशवी. ती म्हणाली, "पानी मिळल का वाईच?" मग तिची नजर आत गेली. तिने काहीही विचारलं नाही. पिशवी कोपऱ्यात ठेवली, हातपाय धुतले, त्या बाईच्या मागे जाऊन बसली आणि तिची पाठ आपल्या छातीशी धरली. तिचं पाणी मागणं त्या गडबडीत माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं; मला वाटलं, ही शेतातून परतलेली सासू. पुढचा अर्धा तास ती त्या बाळंतिणीच्या कानाशी सारखं काहीतरी पुटपुटत होती, आणि बाळंतीण तिचा हात घट्ट धरून कळा देत होती.

मुलगा झाला. नाळ मानेभोवती होती, ती मी सोडवली. पण तो निळा पडला होता आणि हलत नव्हता. मला आठवतं, त्या क्षणी मी थांबले. ती सकाळ, ती मुलगी, सगळं समोर आलं, आणि बाळ हातात धरून मी नुसती बसून राहिले. किती वेळ गेला सांगता येणार नाही, फार नसावा.

"बाय," ती बाई म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "हात कापतो तर कापू दे. तू काम कर."

मी काम केलं. तोंड पुसलं, नळीने घसा साफ केला, पाठ चोळली, तोंडावर गॉज ठेवून हलके श्वास दिले. हात शेवटपर्यंत कापत होते. मग त्याची छाती एकदा हलली. पुन्हा हलली. आणि मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज आला. मी नाळ बांधली, कापली, बाळाला आईच्या अंगाशी दिलं. वार पडली, रक्तस्राव बेताचा होता. तेव्हा कुठे माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही.

सावरल्यावर मी तिला म्हटलं, "सासूबाई, नातू झाला तुम्हाला." ती हसली. "मी सासू नाय. मी पानी मागाया आले व्हते." ती भिवंडीच्या बाजूच्या गावची. विरारला जीवदानीआईच्या दर्शनाला निघाली होती. कामणच्या अलीकडे एसटी बंद पडली, दुसरी येईपर्यंत बराच वेळ होता, तहान लागली म्हणून पहिलं दिसलं त्या घरी आली. तिच्या लेकीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. तिसऱ्या वेळी नात झाली आणि जगली, म्हणून आईची ओटी भरायची होती.

मग तिने कोपऱ्यातली पिशवी उघडली. नारळ, खण, मूठभर तांदूळ, हळदकुंकू. सगळं तिने त्या बाळंतिणीच्या पदरात घातलं. मी म्हटलं, "मावशी, ही देवीची ओटी ना?"

"आईला सांगीन," ती म्हणाली, "वाटंत एक बाय भेटली, तिला दिली. आई काय रागवंल?" मग मडक्यातलं पाणी स्वतःच्या हाताने घेऊन ती दोन तांबे प्यायली आणि एसटी निघून जाईल म्हणून लगबगीने गेली. तिने गावाचं नाव सांगितलं होतं. माझ्या ध्यानात राहिलं नाही. पुन्हा ती कधी भेटली नाही.

सासू आली, नवरा आला, संध्याकाळपर्यंत मी तिथे थांबले. बाळ अंगावर पिऊ लागलं होतं. केंद्रात परतल्यावर मी ट्यूटरबाईंसाठी जुळवलेलं काहीच बोलले नाही. त्यांनी वही मागितली तेव्हा फक्त म्हटलं, एक नोंद लिहायची आहे. ती एसटी आणखी अर्धा कोस पुढे जाऊन का बंद पडली नाही, ती बाई दुसऱ्या एखाद्या घरात का शिरली नाही, याचं उत्तर मी शोधत बसले नाही.

थकवा त्या दिवसानंतर नाहीसा झाला असं मात्र सांगणार नाही. पुढे परीक्षा दिली, पास झाले, नोकरी केली, आणि थकत राहिले. हात पुढची काही वर्षं कापायचे. पण काम थांबलं नाही.

त्या बाळंतपणाच्या आठवड्यात रविवारी आईबरोबर चर्चमध्ये मिस्साला गेले. प्रार्थना करायची असं ठरवून गेले होते, बऱ्याच दिवसांनी. फादरांचं प्रवचन सुरू झालं आणि मला झोप लागली. इतकी गाढ, की गायन, घंटा, शेवटचा आशीर्वाद, काही ऐकू आलं नाही. जाग आली तेव्हा चर्च रिकामं होतं. माझं डोकं आईच्या खांद्यावर होतं आणि आई तशीच ताठ बसून होती. तिने मला उठवलं नव्हतं, खांदाही हलवला नव्हता. मी ओशाळून म्हटलं, "आई, मी एक शब्दही म्हटला नाही गं." ती म्हणाली, "असू दे. तू इथेच होतीस ना?"

समर्पण हा शब्द पुढे मी पुष्कळ प्रवचनांत ऐकला. फार मोठा शब्द आहे तो, माझ्या आवाक्यातला नाही. मला एवढंच कळलं, की शक्ती संपली तरी जागेवरून उठून जायचं नाही, आणि कोणी टेकू दिला तर लाजायचं नाही. तो टेकू कधी हिरव्या लुगड्यातून येतो, कधी आपल्याच आईच्या खांद्यातून. त्या दोघींची मी ऋणी आहे. देवाची तर आहेच, पण त्याला ते वेगळं सांगावं लागत नाही.