बटणमावशींच्या किल्ल्या

जुन्या चौकातली दुकानांची रांग वाचवण्यासाठी वारसा निधी मागायचा आणि तो द्यायचा की नाही हे ठरवणारी समिती येणार, त्याच दिवशी ती अख्खी रांग झाकून टाकायची, हा पराक्रम माझा. मी गावच्या शाळेत शिकलेला. तपासणीला कोणी येणार म्हटलं की भिंतीच्या भेगेवर तक्ता टांगायचा, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. नगरपालिकेनं अर्जाचं काम माझ्याकडे दिलं होतं. मी हौसेनं ‘सुस्वागतम्’चे फ्लेक्स छापून घेतले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वरच्या मजल्यांवर ताणून बांधले. कोरीव लाकडी सज्जे, रंगीत काचांच्या खिडक्या, सगळं नगराध्यक्ष साहेबांच्या हसऱ्या फोटोमागे गडप!

बांधताना दोरी कमी पडली, तेव्हा बटणमावशींनी आपली कपडे वाळत घालायची दोरी काढून दिली.

“संध्याकाळी परत आण हं. माझं धुणं खोळंबेल.”

“आणतो की, मावशी!”

रांगेच्या मधोमध त्यांचं बटणांचं दुकान. कुणाच्या कोटाचं एक बटण हरवलं की त्याचा जोडीदार सापडेपर्यंत त्या डबे उपसणार, आणि उपसताना गिऱ्हाइकाच्या निष्काळजीपणाचाही उद्धार करणार. लग्न होऊन त्या आल्या त्या याच दुकानावरच्या खोलीत. निधी मिळाला नाही तर रांग पाडून तिथे वाहनतळ होणार होता. मावशींना दुसरं घर नव्हतं.

समिती आली. प्रमुख बाईंनी मान वर केली, डावीकडून उजवीकडे फिरवली आणि शांतपणे विचारलं, “इमारती कुठे आहेत?”

फोटोतले साहेब हसत होते. खालचे साहेब माझ्याकडे बघत होते.

“शिडी!” मी ओरडलो. शिडी फ्लेक्सवाला कधीच घेऊन गेला होता.

“अरे शहाण्या, बाहेरून कशाला चढतोस?” मावशींनी एका हातात कात्री घेतली, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा हा भला मोठा जुडगा. “चल आतून.”

वर गेलो. मावशींच्या खोलीच्या भिंतीत एक दार होतं. ते पलीकडच्या दुकानाच्या माडीत उघडलं, तिथलं दार त्यापुढच्या. अख्ख्या रांगेतल्या माड्या एकमेकींत उघडत होत्या आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी तर अर्जात ‘वरचे मजले वर्षानुवर्षे बंद व मोडकळीस आलेले’ असं ठोकून दिलं होतं, खालूनच बघून.

टोपीवाल्याच्या खोलीत लाकडी डोकी ओळीनं मांडलेली, पुसलेली. फोटोग्राफरच्या खोलीत भिंतभर रंगवलेला पडदा, त्यावरचं तळं अजून ओलं वाटावं असं. न्हाव्याची फिरती खुर्ची मी सहज ढकलली, तर ती आवाज न करता फिरली. जाळं नाही, कुबट वास नाही. मावशी कडी काढत, खिडकी ढकलत, हात बाहेर काढून कात्रीनं दोरी कापत आणि पुढच्या दाराशी जात. बिजागऱ्यांना शिवणयंत्राचं तेल दिलेलं होतं. एकही कुरकुरली नाही. फ्लेक्स खाली कोसळायचा आणि रंगीत काचांतून उजेड आत यायचा, लाल, हिरवा, मधासारखा. तो मावशींच्या पांढऱ्या केसांवरून सरकताना मी बघत राहिलो.

“आ वासून काय बघतोस? तो कोपरा धर.”

खाली चौकात माणसं थांबली होती. ज्यांनी इथे जन्म काढला, तेही आपल्याच गावाकडे पाहुण्यासारखे बघत होते.

प्रमुख बाई धापा टाकत वर आल्या. खोल्यांमधून फिरल्या. खिडकीच्या चौकटीवर त्यांनी हात ठेवला तो काढलाच नाही.

“हे सगळं कोण सांभाळतं?”

“सांभाळायचं काय त्यात? जो तो जाताना किल्ली ठेवून गेला, म्हणाला, वहिनी, जरा लक्ष असू द्या.” मावशी कात्री पदराला पुसत म्हणाल्या. “आठवड्यातून एकदा खिडक्या उघडते, झाडून घेते. उद्या कुणी परत आला तर त्याला खोली परकी वाटायला नको.”

“आलं का कोणी?”

मावशींनी खिडकीतून चौकाकडे बोट केलं. “हे काय, हे सगळे आलेत, तुम्हीही आलात की.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या अर्जातलं ते ‘मोडकळीस’ माझ्यादेखत खोडलं.

निधी मंजूर झाला. सध्या रांगेला परांच्या लागल्यात आणि सुतार सज्जे दुरुस्त करताहेत. मुकादम मात्र माझ्याकडे तक्रार घेऊन येतो, की परांचीवर रोज कुणाची तरी लुगडी वाळत असतात, त्यांना सांगा. मी जातो. मावशी डब्यातून मान वर न काढता विचारतात, “दोरी आणलीस?”

“उद्या नक्की, मावशी.”

लुगडी तिथेच वाळताहेत.