कुपीताईंच्या बांगड्या

कुपीताई कामाला बसायच्या त्या अगदी लंकेची पार्वती होऊन. मंगळसूत्र, अंगठी, बांगड्या, सगळं काढून डबीत. कतारमध्ये, दोह्यातल्या आमच्या संग्रहालयात प्राचीन इजिप्तच्या काचेच्या कुप्यांची निगा त्यांच्याकडे होती, म्हणून हे नाव मीच पाडलं. मी त्या कुप्यांना उभं राहायला आधार घडवणारा. दोघंही नाशिकचे, त्यामुळे माझ्यावर हक्काने डाफरायच्या. "काचेला काही लागलं की खलास! इतकी वर्षं टिकलीय, माझ्या हातून नको जायला."

कुप्या बोटभर उंचीच्या, गर्द निळ्या, अंगावर पिवळ्या-पांढऱ्या लाटा. मातीच्या गाभ्यावर वितळलेली काच गुंडाळायची, निवल्यावर आतली माती खरवडून काढायची, मग त्यात कुणा श्रीमंत बाईचं अत्तर नाहीतर मलम. "आपल्या हळदीकुंकवाच्या अत्तरदाणीची ही खापरपणजी," अशी ताई ओळख करून द्यायच्या, आणि तीही मराठीतून, समोर कुणीही असो. मला हसू आवरत नसे.

मग त्यांच्या यजमानांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ते शुद्धीवर येईनात. नाशिकहून सासूबाई आल्या आणि अल हिलाल भागातल्या त्यांच्या घरात सुनेची मोकळी मनगटं पाहून कोसळल्याच. "सवाष्णीने रोज हात मोकळे केले, म्हणून हे झालं." दुसऱ्या दिवशी ताई कामावर आल्या त्या हातभर हिरवा चुडा घालून.

"ताई, तुम्ही मानता हे?"

"नाही रे मानत. पण काढवत नाहीत." थोड्या वेळाने म्हणाल्या, "डॉक्टर आधी काहीतरी समजावून सांगायचे. आता नुसतं इन्शाल्ला म्हणतात."

मला त्या सासूबाईंचा भयंकर राग आला.

त्या दिवशी एक कुपी काचपेटीत बसवायची होती. ताईंनी बांगड्यांवर बँडेज गुंडाळलं, हात पुढे नेला. आत बांगड्या किणकिणल्या तसा मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा घेतला. "तूच ठेव," म्हणाल्या. "मी सांगते." त्या सांगत गेल्या, मी ठेवली. "एवढंच येत होतं मला," म्हणून त्या रडायला लागल्या. मी आपला पेटीचं कुलूप लावत राहिलो.

तेवढ्यात सासूबाईंचा इस्पितळातून फोन आला. "गेला गं माझा बाळ!" हा आक्रोश मलाही ऐकू आला. ताई भिंतीला टेकून खाली बसल्या. मग शाळेत मार खाल्लेल्या मुलीसारख्या त्या फोनवर बोलू लागल्या.

"आई, मी काढल्या नव्हत्या हो. खरंच सांगते, एकसुद्धा काढली नव्हती."