चूलबंद डेस्टिनेशन

सुभद्रावहिनींच्या मंजूच्या लग्नात गावजेवणाला भाताऐवजी काकडीचे सँडविच आले, त्याला कारण मी.

माझी हयात ग्रामपंचायतीत नोटिसा लिहिण्यात गेली. 'कळविण्यात येते की' असं लिहिल्याशिवाय माझं पेन पुढं सरकत नाही. निवृत्त झालो, मोबाईल आला, तरी खोड गेली नाही. म्हणून वहिनी जेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, त्या पुण्याच्या पोराले कळवून द्या, लग्नाच्या दिवशी गाव चूलबंद राहीन," तेव्हा मी चष्मा पुसून लिहिलं: 'कळविण्यात येते की, विवाहाच्या दिवशी संपूर्ण गाव चूलबंद राहील. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.' पलीकडून उभा अंगठा आला. मी समाधानानं चहा मागवला.

आता चूलबंद म्हणजे काय, हे आमच्या झाडीपट्टीत कोणाला सांगावं लागत नाही. घरातल्या एकाला बोलावलं तर ते साधं आवतण. नवरा-बायकोला बोलावलं तर जरा मानाचं. आणि चूलबंद म्हणजे म्हातारीपासून पाळण्यातल्यापर्यंत सगळे या, घरी आलेला पाहुणा आणा, कामावरचा गडी आणा, त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही. त्याच्यापेक्षा मोठं आवतण नाही. पण ज्याला कळवायचं होतं तो हेमेंद्र पुण्याचा. लग्नं 'प्लॅन' करणं हा त्याचा धंदा, गुणी पोरगा, कानात सतत काहीतरी खोचलेलं. त्याला वाटलं, जंगलाला लागून गाव आहे, वणव्याच्या भीतीनं विस्तव पेटवायला बंदी आहे, आणि हा कोणीतरी सरकारी माणूस आदेश कळवतो आहे.

पण सँडविचकडे यायच्या आधी मुळात प्लॅनर आमच्या गावात आला कसा, ते सांगायला हवं.

सुभद्रावहिनी कापगते म्हणजे नात्यानं माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ गेला तेव्हा मंजू शाळेत होती. वहिनींनी धानाची शेती केली, पोरीला शिकवलं, पोरगी पुण्यात कंपनीत लागली. तिथंच तिनं मुलगा पसंत केला. मुलगा चांगला, घर चांगलं, वहिनींनी एका फोनवर होकार दिला. दुसऱ्या फोनवर मंजू म्हणाली, आई, त्यांच्या घरच्यांना डेस्टिनेशन वेडिंग करायचंय.

वहिनींनी मला विचारलं, हे काय असते. मी सांगितलं, कुठंतरी दूर छानशा जागी जायचं, निवडक माणसं न्यायची आणि लग्न लावायचं. एवढं शांतपणे ऐकून घेऊन वहिनींनी 'निवडक' हा एकच शब्द उचलला.

"निवडक म्हंजे? गावातले कोन घ्याचे अना कोन टाकाचे?"

गोव्याला, समुद्रकाठी, निवडक माणसांत लग्न व्हायचं होतं. वहिनींचं समुद्राशी भांडण नव्हतं, गोव्याशीही नव्हतं. पण भाऊ गेला त्या वेळची एक गोष्ट त्यांच्या मनात घट्ट बसलेली होती. आमच्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. त्या दिवसांत गावातल्या एकेका घरातून वहिनींच्या दारी भाताचा गंज, म्हणजे भरलेलं पातेलं, यायचा. ज्यांच्याशी बांधावरून बोलणं बंद होतं त्यांच्याकडूनही आला. वहिनींनी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, आणि पुढं पाटावर, नळावर, धानाच्या रोवणीत वाकलेल्या बायांसमोर कैकदा बोलूनही दाखवलं होतं, की मंजूच्या लग्नात गावात एक चूल पेटणार नाही. दुःखात आपल्या एका चुलीसाठी सारं गाव रांधत होतं, तर सुखात आपण साऱ्या गावाच्या चुली विझवायच्या. आता हे गोव्यातून कसं जमायचं?

दुसरी बाई असती तर रडली असती, नाहीतर अडून बसली असती. वहिनींनी मंजूला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि थेट विहीणबाईंशी बोलायला बसल्या. मी शेजारी होतो, मोबाईल सरळ धरायच्या कामावर.

पहिला प्रश्न त्यांनी असा केला की, ताई, लोक दुरून येतात ती जागा म्हणजे डेस्टिनेशन ना? विहीणबाई म्हणाल्या, हो. मग पुण्याहून आमचं गाव दूर हाये का जवर? विहीणबाईंना कबूल करावं लागलं की गोव्यापेक्षा दूर आहे. पानी पायजे ना तुमाले? म्हणाल्या, हो, पाणी असलं की फोटो छान येतात. वहिनींनी मला कोपरानं ढोसलं आणि आम्ही मोबाईल घेऊन तलावाच्या पाळीवर गेलो.

आमचा तलाव म्हणजे नवेगाव बांधच्या मोठ्या तलावाचा धाकटा भाऊ. आम्ही कोहळी लोक. उतार दिसला की पाळ घालायची आणि पाणी अडवायचं, हे आमच्या रक्तातच. वाडवडिलांनी अडवलेल्या त्या पाण्यावर हिवाळ्यात कुठून कुठून पाखरं येतात, आणि त्या दिवशी ती नेमकी काठाशी उतरली होती. विहीणबाई बघतच राहिल्या.

"हे पाखरं परदेशातून येतेत ताई," वहिनी म्हणाल्या. "त्याईले कोनी पलानर लागत नाही. अना समुद्राचं पानी खारं. आमचं गोडं हाये, त्यात भात शिजते."

विहीणबाई हसल्या, आणि गोवा पडला. मात्र त्यांचीही एक अट होती: मांडव, सजावट आणि जेवण त्यांच्या प्लॅनरकडे. वहिनींनी मान्य केलं, फक्त बोलावणं माझं, म्हणाल्या. माणसं किती येतील ते मी सांगीन. तेवढं ठरलं.

गावात बातमी पसरली ती आमच्या पद्धतीनं. गोंदियाचं जंक्शन सगळ्यांच्या परिचयाचं, त्यामुळे काही दिवस लोक 'टेशनवरचं लग्न' असंच म्हणत होते. पण वहिनी स्वतः घरोघर चूलबंद आवतण देत फिरल्या तेव्हा त्या शब्दाची भीती गेली. एक शालीकराम तेवढा खट्टू झाला. गावातलं कोणतंही लग्न असो, भट्टीवर शालीकराम. भाताच्या गंजासमोर उभा राहिला की तहसीलदारसुद्धा त्याला साहेब म्हणायचे. आता जेवण प्लॅनरकडे, म्हणजे शालीकरामाला आयुष्यात पहिल्यांदा नुसता पाहुणा म्हणून आवतण आलं होतं. त्यानं नवा पांढरा सदरा शिवून घेतला आणि तो घालून रागावून बसला.

लग्नाच्या दिवशी सकाळी नागपूरहून थंड गाड्या आल्या. पोरांनी खोके उतरवले. सँडविच, कापलेली फळं, मोड आलेल्या मटकीच्या वाट्या, गार पास्ता, कोबीची पानं, केक. खोक्यांवर खोके चढत गेले, पण शेगडी काही उतरेना. वहिनी नव्या लुगड्यात, कपाळाला हळद लागलेली, खोक्यांजवळ येऊन उभ्या राहिल्या. बाजूला अनुसयाबाई होत्या. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, आणि बोलण्यात सगळ्यांत तरण्या. त्यांनी कोबीचं एक पान उचललं, उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, हे त आमी बकरीले घालतो.

हेमेंद्र धावत आला. चेहरा अगदी अभिमानानं फुललेला. म्हणाला, काकू, आलेल्या आदेशाप्रमाणे सगळं केलंय. सगळ्या गावाला पुरेल एवढं आहे, आणि एकही गोष्ट पेटवावी लागणार नाही. पूर्ण चूलबंद!

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी तलावातल्या पाखरांकडं पाहिलं.

हेमेंद्रला जेव्हा चूलबंदचा खरा अर्थ कळला तेव्हा तो बिचारा खोक्यावरच बसला. म्हणाला, काकू, पण जेवण तर आहे ना, कमी तर नाही पडणार. त्याला कोण सांगणार, की आमच्याकडे भात पोटात गेला नाही तर जेवलो म्हणत नाहीत, नाश्ता केला म्हणतात. गाव प्रेमानं येईल, प्रेमानं मटकी खाईल, मंजूला आशीर्वाद देईल, आणि घरी जाऊन मुकाट चूल पेटवून भात टाकेल. कोणी वहिनींना नाव ठेवणार नाही. नुसता घराघरावर धूर दिसेल. एवढ्या वर्षांचं बोलणं त्या धुरात जाणार होतं.

वहिनी रागावतील असं मला वाटलं. मी तयारी ठेवली होती. पण त्यांनी पदर खोचला.

"घरच्या चुली बंद म्हनलं होतं मी. तलावाच्या पारीवर चूल नाही पेटवाची, असं नोतं म्हनलं."

त्यांनी आधी पोरांना घरी पिटाळलं, वर्षाच्या खाण्यासाठी भरून ठेवलेले तांदूळ काढायला. मंजू नको नको म्हणत होती, आई, तुला पुढं काय राहील? वहिनी म्हणाल्या, पुढचं पुढचा हंगाम पाहीन. मग गावकीचे मोठे गंज निघाले. परसातल्या वाड्यांतून वांगी आली, आलू आले, आणि पाळीमागं भट्टीचा चर खणायला माणसं लागली. कोहळ्यांच्या हातात फावडं द्यायचा अवकाश. हेमेंद्र त्यांना जागा दाखवून परत वळेपर्यंत चर तयार होता. त्यातल्या एकानं उत्साहाच्या भरात आणखी पुढं खणायला घेतलं, तेव्हा त्याला आठवण द्यावी लागली की आपल्याला भात शिजवायचा आहे, नवा तलाव करायचा नाही.

राहता राहिला शालीकराम. तो पाळीवर खुर्ची टाकून, सदऱ्याला सुरकुती पडू न देता बसला होता. वहिनी त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. तो तलावाकडं बघत म्हणाला, मी पाहुना हाव आज.

"पाहुना हायेस त बस," वहिनी म्हणाल्या. "पन भाताबिगर जेवा लागन. लोक म्हनतीन, शालीकराम गावात असून गाव उपाशी गेलं."

शालीकरामानं सदरा काढला, नीट घडी केली, खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि बनियनवर भट्टीकडं निघाला. दोन पावलं गेल्यावर त्याचा आवाज वाढला, चार पावलांवर तो लोकांना शिव्या देऊ लागला, आणि गंजाजवळ पोचला तेव्हा पुरता पूर्ववत शालीकराम झालेला होता.

वरात आली ती धुराच्या वासातच. विहीणबाई गाडीतून उतरल्या, नाक वर करून हुंगलं आणि हेमेंद्रला विचारलं की हा धूर कसला. हेमेंद्र आमच्यात अर्धाच दिवस राहिला होता, पण चटकन शिकणारा होता. म्हणाला, लाइव्ह काउंटर आहे मॅडम. विहीणबाईंनी पाळीमागं डोकावून पाहिलं. शालीकराम घामानं निथळत, नांगरासारखं उलथणं चालवत, कोणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार करत होता. त्या म्हणाल्या, खूपच लाइव्ह आहे.

ऊन उतरलं, पाणी सोन्यासारखं झालं, पाखरं उडाली आणि मंगलाष्टकं झाली. फोटो गोव्याच्या तोंडात मारतील असे आले. मग पाळीवर पंगती बसल्या. एका बाजूला पुणं, दुसऱ्या बाजूला आम्ही, अशी सुरुवात झाली होती, पण गरम भाताची वाफ नाकाशी आली तसं पुणं सरकत सरकत आमच्यात येऊन बसलं. आलू-वांग्याची भाजी, वरण, भात. नवरदेवाचे मित्र पहिल्यांदा चमचे मागत होते, नंतर भात मागू लागले. थंड खोके वाया गेले असं मात्र नाही. आमच्या पोरांनी केक संपवला, आणि अनुसयाबाईंनी मटकीची वाटी अगदी हळूच पदराआड रिकामी केली. हेमेंद्र बाह्या सरसावून भाताची बादली घेऊन वाढत फिरत होता आणि प्रत्येक पानापुढं थांबून विचारत होता, चूलबंद झाली ना काका?

अंधार पडायच्या सुमाराला वहिनी पाळीच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथून गाव सगळं दिसतं. कौलं, पत्रे, नव्या स्लॅबची दोन-तीन घरं. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. एकाही घरावर धूर नव्हता. मागं शालीकरामाच्या भट्टीचा तेवढा एक जाडजूड खांब आभाळात चढत होता. बांधावरून ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्या घरातली म्हातारी खाली पंगतीत बसून भात मागून घेत होती, आणि वहिनींनी तेही पाहिलं. डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला.

मी दिवसभर त्यांच्या नजरेआड राहायची खबरदारी घेतली होती. पण आता राहवलं नाही. जवळ गेलो आणि म्हणालो, वहिनी, कळविण्यात आनंद वाटतो की आज तुम्ही पुणं जिंकलं, गोवा हरवला, भाऊ असता तर त्याची छाती फुगली असती, आणि माझ्या हातून जे काही झालं त्यामुळंच खरं म्हणजे या लग्नाला ही शोभा…

"भाषन मंग करा भाऊजी, पयले पंगतीत बसा, नाही त तुमीच घरी जाऊन चूल पेटवाल."